सांगली जिल्ह्यातील गृहकर्जदारांसाठी आर्थिक साहाय्य

सांगली जिल्ह्यातील गृहकर्जदारांसाठी आर्थिक साहाय्य या विषयात घर विकत घेण्यासाठी वा बांधण्यासाठी मिळणारी शासकीय अनुदाने, हप्ते थकण्याची वेळ आल्यावर कर्जदाराला उपलब्ध असलेल्या सवलती आणि तारण ठेवलेल्या घराची वसुलीसाठी विक्री होत असताना कायद्याने दिलेले संरक्षण यांचा समावेश होतो. घर घेताना मिळणारे साहाय्य प्रामुख्याने पैशाच्या स्वरूपात असते. हप्ते थकल्यानंतर मिळणारे साहाय्य मात्र बहुतांशी मुदतीने बांधलेल्या हक्कांच्या स्वरूपात असते. कर्ज बँकेचे, गृहवित्त कंपनीचे, सहकारी पतसंस्थेचे की सावकाराचे, यावर कोणता कायदा लागू होतो आणि दाद कोठे मागायची हे ठरते. सहकारी पतपुरवठ्याचे दाट जाळे आणि कृष्णा नदीचे वारंवार येणारे महापूर यांमुळे सांगली जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे.

== पार्श्वभूमी ==

=== दख्खनमधील कर्जनिवारण कायदे ===

गहाण मालमत्तेच्या वसुलीत शासनाने कर्जदाराच्या बाजूने हस्तक्षेप करण्याची परंपरा या भागात एकोणिसाव्या शतकापासून आढळते. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या या उठावांत कर्जरोखे व गहाणखते जाळण्यात आली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा अस्तित्वात आला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव व खानापूर हे भाग त्या काळी सातारा जिल्ह्यात असल्याने त्यांना हा कायदा लागू झाला. सांगली, मिरज व जत ही संस्थाने असल्याने ती ब्रिटिश जिल्ह्यांच्या बाहेर होती.

या कायद्याने न्यायालयाला केवळ रोख्यावरील आकडा न पाहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा, हिशेब नव्याने मांडण्याचा आणि परतफेडीसाठी हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई करण्यात आली. पुढे १९३९ व १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली. हिशेबाची तपासणी, हप्त्यांची फेरमांडणी आणि गहाण सोडवण्याचा हक्क ही या कायद्यांमागील तीन तत्त्वे आजच्या गृहकर्जविषयक नियमांतही वेगळ्या रूपात दिसतात.

=== जिल्हा आणि पतपुरवठा ===

१ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा या नावाने नवा जिल्हा स्थापन झाला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली असे करण्यात आले. घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थांत राष्ट्रीयीकृत व खासगी बँका, गृहवित्त कंपन्या, नागरी सहकारी बँका, सांगली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, पगारदार नोकरांच्या पतसंस्था आणि नागरी व ग्रामीण बिगरशेती पतसंस्था यांचा समावेश होतो.

या भागात उदयाला आलेल्या दोन जुन्या बँका पुढे मोठ्या बँकांत विलीन झाल्या. १९३६ साली सातारा येथे स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत, तर १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. विलीनीकरणात कर्जे व त्यांची तारणे नव्या बँकेकडे वर्ग होतात. कर्ज रद्द होत नाही. एखाद्या सहकारी बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमला गेला तरीही कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी कायम राहते आणि वसुली अवसायकामार्फत होते.

== घर घेताना मिळणारे साहाय्य ==

=== शहरी भाग ===

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यातील व्याज अनुदान घटकानुसार वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ६ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के दराने अनुदान मिळत असे. संपूर्ण मुदतीचे अनुदान आजच्या मूल्यात रूपांतरित करून एकरकमी कर्जखात्यात जमा होई. त्याची कमाल रक्कम सुमारे २.६७ लाख रुपये होती. २०१७ पासून मध्यम उत्पन्न गटालाही दोन स्तरांत लाभ देण्यात आला. मध्यम उत्पन्न गटासाठीची योजना ३१ मार्च २०२१ रोजी आणि अल्प उत्पन्न गटांसाठीची ३१ मार्च २०२२ रोजी संपली.

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला. त्यातील व्याज अनुदानाच्या मुख्य अटी पुढीलप्रमाणे आहेत:

* कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत असावे आणि कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात पक्के घर नसावे.
* घराची किंमत ३५ लाख रुपयांपर्यंत, कर्ज २५ लाख रुपयांपर्यंत आणि चटईक्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत असावे.
* कर्जाच्या पहिल्या ८ लाख रुपयांवर, कमाल १२ वर्षांच्या मुदतीसाठी, ४ टक्के दराने अनुदान मिळते.
* अनुदानाची कमाल रक्कम १.८० लाख रुपये असून ती पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते.

पहिल्या टप्प्यात अनुदान आरंभीच एकरकमी मिळत असे. दुसऱ्या टप्प्यात ते हप्त्यांनी मिळत असल्याने कर्जखाते नियमित ठेवणे लाभासाठी आवश्यक ठरते. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल उत्पन्न गटातील कुटुंबांना कर्जाशी निगडित नसलेले बांधकाम अनुदानही मिळते. महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे मिळून ते अडीच लाख रुपये होते. सांगली, मिरज व कुपवाड शहरांत महानगरपालिका आणि इतर शहरांत नगरपरिषदा व नगरपंचायती अर्ज स्वीकारतात.

म्हाडाच्या पुणे गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळाच्या कार्यक्षेत्रात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे जिल्हे येतात. मंडळाची घरे सोडतीद्वारे वितरित होतात. सोडतीतील घरासाठी कर्जाची व्यवस्था अर्जदाराने स्वतः करावयाची असते.

=== ग्रामीण भाग ===

पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नुसार सपाट प्रदेशात प्रति घरकुल १.२० लाख रुपये केंद्र व राज्य मिळून दिले जातात. त्याशिवाय रोजगार हमी योजनेतून अकुशल मजुरी आणि स्वच्छ भारत अभियानातून शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळतात. लाभार्थ्याची इच्छा असल्यास ७० हजार रुपयांपर्यंतच्या बँक कर्जाची तरतूदही योजनेत आहे. राज्य शासनाच्या रमाई आवास, शबरी आवास, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि मोदी आवास या योजना विविध सामाजिक प्रवर्गांसाठी आहेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेतून भूमिहीन लाभार्थ्यांना जागा घेण्यासाठी मदत दिली जाते.

ग्रामीण भागात घर तारण ठेवण्यातील मोठी अडचण कागदपत्रांची असते. गावठाणातील अनेक घरांना मालकीचा नकाशा व मिळकत पत्रिका नसल्याने बँका ती तारण म्हणून स्वीकारण्यास कचरत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधलेल्या घरासाठी बँका सहसा बिगरशेती परवानगी व मंजूर बांधकाम आराखडा मागतात.

=== कर्जमर्यादा, मुद्रांक शुल्क व प्राप्तिकर ===

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. ३० ते ७५ लाखांसाठी ही मर्यादा ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के आहे. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदीदाराला स्वतः उभी करावी लागते. ८ जून २०२२ रोजी सहकारी बँकांच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मर्यादा वाढवण्यात आल्या. नागरी सहकारी बँकांसाठी ही मर्यादा पहिल्या श्रेणीत ३० लाखांवरून ६० लाख रुपये, तर दुसऱ्या श्रेणीत ७० लाखांवरून १ कोटी ४० लाख रुपये झाली.

कोविड साथीच्या काळात राज्य शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या कालावधीत घरखरेदीवरील मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि त्यापुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के सूट दिली. १ एप्रिल २०२१ पासून महिलांच्या नावे होणाऱ्या निवासी घराच्या खरेदीवर एक टक्का सवलत लागू झाली. आयकर कायद्यातील जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी वार्षिक २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते; मुद्दलाची परतफेड दीड लाखाच्या सर्वसाधारण वजावटीत धरली जाते. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी या दोन्ही वजावटी उपलब्ध नाहीत.

== हप्ता अवघड झाल्यावर ==

=== बदलत्या व्याजदराचा परिणाम ===

बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर वाढ कर्जदाराच्या लक्षात येत नाही. मात्र एकूण व्याज बरेच वाढते. उदाहरणार्थ, १५ लाख रुपयांच्या कर्जाचा ९ टक्के दराने २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १३,४९६ रुपये होतो. कर्जाच्या आरंभीच दर १० टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे ३१४ हप्ते, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ जास्त हप्ते भरावे लागतात. मुदत कायम ठेवल्यास हप्ता सुमारे १४,४७५ रुपये होतो.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने व्याजदर फेरनिश्चितीच्या वेळी कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्हींचा मेळ घालणे, अंशतः वा पूर्ण परतफेड करणे किंवा स्थिर दराकडे वळणे असे पर्याय देणे बंधनकारक केले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आकारता येत नाही. त्यामुळे कमी दराच्या दुसऱ्या बँकेकडे कर्ज वर्ग करणे हाही मार्ग खुला राहतो. १ एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्यांवर दंडव्याजाऐवजी केवळ वाजवी दंडशुल्क घेता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही.

=== थकबाकीचे टप्पे आणि पुनर्रचना ===

हप्ता देय तारखेला न भरल्यास खाते ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० दिवस आणि ६१ ते ९० दिवस अशा तीन इशारा-वर्गांतून जाते. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेल्यास खाते अनुत्पादक ठरते. सर्व थकबाकी भरल्याशिवाय असे खाते पुन्हा नियमित होत नाही. पुनर्रचनेची मागणी या ९० दिवसांच्या आत करण्याला त्यामुळे महत्त्व असते. पुनर्रचनेत मुदत वाढवणे, काही काळ हप्ते स्थगित करणे किंवा थकलेले व्याज वेगळ्या खात्यात वर्ग करणे यांचा समावेश होऊ शकतो. मात्र पुनर्रचना हा कर्जदाराचा हक्क नसून तो बँकेच्या धोरणानुसार घेतला जाणारा निर्णय असतो.

खाते अनुत्पादक झाल्यानंतर एकरकमी परतफेड योजनेद्वारे तडजोड होऊ शकते. तडजोडीत काही रक्कम सोडली गेल्यास त्याची नोंद कर्जदाराच्या पतविषयक इतिहासात राहते आणि पुढील कर्ज मिळणे अवघड होते.

=== कोविड काळातील स्थगिती ===

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तीन महिन्यांची हप्तेस्थगिती जाहीर केली आणि नंतर ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. स्थगितीच्या काळात व्याज चालूच राहिले. २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक केंद्र शासनाने भरून दिला. २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या काळातील व्याजावरील व्याज कोणत्याही कर्जदाराकडून घेऊ नये असा निर्णय दिला. संपूर्ण व्याजमाफीची मागणी मात्र फेटाळली.

== महापूर आणि गृहकर्जदार ==

सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगली शहरासह मिरज, पलूस, वाळवा व शिराळा तालुक्यांतील नदीकाठची गावे जलमय झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला.

२०१९ मध्ये राज्य शासनाने तातडीचे अनुदान म्हणून ग्रामीण कुटुंबांना १० हजार आणि शहरी कुटुंबांना १५ हजार रुपये जाहीर केले. पूरग्रस्त शेतकऱ्यांच्या एक हेक्टरपर्यंतच्या पिककर्जालाही माफी देण्यात आली. २०२१ च्या मदतीत पूर्णतः पडलेल्या घरासाठी १.५० लाख, किमान ५० टक्के नुकसानीसाठी ५० हजार, २५ टक्क्यांसाठी २५ हजार आणि १५ टक्क्यांसाठी १५ हजार रुपये असे दर ठरवण्यात आले. ही मदत महसूल विभागाच्या पंचनाम्यावर आधारित असते.

पिककर्ज आणि गृहकर्ज यांतील फरक येथे ठळकपणे दिसतो. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या शेतीकर्जांसाठी होत्या. गृहकर्ज त्यांत बसत नव्हते. घर पडले तरी त्या घरावरील कर्ज चालूच राहते. घरदुरुस्तीची मदत कुटुंबाला मिळते, ती कर्जखात्यात आपोआप वळती होत नाही. नैसर्गिक आपत्तीनंतर बँकांनी द्यावयाच्या सवलतींबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यांचा भर शेतीकर्जावर आहे. इतर कर्जांच्या पुनर्रचनेचा विचार आपत्तीची तीव्रता पाहून बँकांच्या राज्यस्तरीय किंवा जिल्हास्तरीय समितीने करावयाचा असतो.

कर्जाच्या रकमेला पुरापासून संरक्षण मिळण्याचा खात्रीचा मार्ग विम्याचा आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिच्यात आग, भूकंप, वादळ यांबरोबर पुराचाही समावेश होतो. कर्जासोबत घेतला जाणारा कर्जदाराचा आयुर्विमा हा वेगळा विमा आहे. तो मृत्यूनंतर उरलेले कर्ज फेडतो, घराचे नुकसान भरून देत नाही.

== वसुली आणि कर्जदाराचे हक्क ==

=== बँका व गृहवित्त कंपन्या: सरफेसी कायदा ===

२००२ च्या सरफेसी कायद्यामुळे बँकांना दिवाणी दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेऊन विक्री करता येते. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, यावर दीर्घकाळ वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेशी संबंधित प्रकरणात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो लागू होतो असा निर्णय दिला. नागरी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या कर्जदारांवर त्याचा थेट परिणाम झाला.

कारवाईचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात:

# मागणी नोटीस: खाते अनुत्पादक झाल्यावर संपूर्ण येणे ६० दिवसांत भरण्याची नोटीस दिली जाते. कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे आवश्यक असते.
# ताबा: ६० दिवसांनंतर बँक सांकेतिक किंवा प्रत्यक्ष ताबा घेऊ शकते. प्रत्यक्ष ताब्यासाठी साहाय्य हवे असल्यास बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते.
# न्यायाधिकरणाकडे दाद: ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांगली जिल्ह्यासाठी हे न्यायाधिकरण पुणे येथे आहे. या बाबतीत दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही.
# विक्री: विक्रीपूर्वी सहसा ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जाहिरात दोन वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते व त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. विक्रीतून येण्यापेक्षा जास्त रक्कम मिळाल्यास ती कर्जदाराला परत केली जाते.

२०१६ मधील दुरुस्तीनंतर संपूर्ण येणे व खर्च भरून घर सोडवण्याची संधी विक्रीची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरता येतील, हा पूर्वीचा समज त्यामुळे लागू राहिलेला नाही.

हा कायदा शेतजमिनीच्या तारणाला, एक लाख रुपयांपेक्षा कमी येण्याला आणि येणे मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरले असल्यास लागू होत नाही.

=== पतसंस्था: सहकार कायदा ===

पतसंस्था ही बँक नसल्याने तिला सरफेसी कायदा वापरता येत नाही. तिची वसुली १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार होते. कलम १०१ नुसार निबंधकाकडून वसुली दाखला मिळवला जातो आणि कलम १५६ व नियम १०७ नुसार वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करतो. नागरी सहकारी बँकाही हा मार्ग वापरू शकतात.

दाखला देण्यापूर्वी निबंधकासमोर होणाऱ्या सुनावणीत कर्जखात्याचा उतारा, व्याजदर आणि भरलेल्या रकमांच्या पावत्या यांबाबत हरकत घेता येते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरणे आवश्यक असते. ही रक्कम उभी करणे अनेकांना शक्य नसल्याने मूळ सुनावणीला हजर राहणे निर्णायक ठरते. लिलाव झाल्यानंतरही ३० दिवसांच्या आत ठरावीक रक्कम भरून विक्री रद्द करून घेण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद नियमांत आहे.

=== सावकारी कर्ज ===

बँकेने नाकारलेला किंवा हप्ते थकलेला कर्जदार अनेकदा सावकाराकडे वळतो. अशा व्यवहारात गहाणखताऐवजी थेट खरेदीखत करून घेण्याचा प्रकार आढळतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. सावकारीच्या ओघात १५ वर्षांच्या आत सावकाराच्या ताब्यात गेलेली स्थावर मालमत्ता, चौकशीअंती व्यवहार सावकारीचा असल्याचे सिद्ध झाल्यास, कर्जदाराला परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. खरेदीखताच्या आड लपलेला कर्जव्यवहार शोधण्याचे हे तत्त्व १८७९ च्या कायद्याशी नाते सांगते. परवानाधारक सावकारासाठी तारण कर्जावरील कमाल व्याजदर शेतकऱ्यांना ९ टक्के व इतरांना १५ टक्के असा ठरवण्यात आला. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल होऊ नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही सावकारी कायद्यात जपले गेले आहे.

=== जामीनदार व वारस ===

सहकारी संस्थांच्या कर्जात घराच्या तारणाबरोबर जामीनदार घेण्याची पद्धत रूढ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराचे घर विकावे असा आग्रह त्याला सहसा धरता येत नाही. कर्ज फेडणाऱ्या जामीनदाराला धनकोचे हक्क मिळतात आणि तो कर्जदाराकडून रक्कम वसूल करू शकतो. कर्जदाराच्या मृत्यूनंतर घर बोज्यासह वारसांकडे जाते. स्वतः सहकर्जदार वा जामीनदार नसलेल्या वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित असते.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकरी व मजूर यांच्या राहत्या घराला जप्तीपासून संरक्षण आहे. कर्जदाराने तेच घर स्वतः तारण दिले असल्यास मात्र हे संरक्षण सहसा उपयोगी पडत नाही.

== तक्रार व विधी साहाय्य ==

बँकेच्या सेवेविषयी प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकात्मिक लोकपाल योजना लागू झाली. पतसंस्थांविषयीच्या तक्रारी सहकार खात्याच्या तालुका व जिल्हा कार्यालयांकडे जातात. बँकांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये, तसेच धमकी वा बदनामी करू नये असे नियम आहेत.

वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्तींना, तसेच उत्पन्नाची अट न लावता महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत बँकेशी तडजोड झाल्यास तिचा निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील होत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूर येथे सुरू झाल्याने सांगली व सातारा जिल्ह्यांतील पक्षकारांना रिट अर्जांसाठी मुंबईला जाण्याची गरज उरली नाही.

बांधकाम रखडलेल्या इमारतीतील सदनिकाधारकाला १ मे २०१७ पासून महारेराकडे दाद मागता येते. ताबा वेळेत न मिळाल्यास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह परतावा किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज, असे दोन पर्याय कायद्यात आहेत. महारेराकडील प्रकरण चालू असले तरी बँकेचे हप्ते आपोआप थांबत नाहीत.

== कर्ज फिटल्यानंतर ==

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांच्या आत परत करणे व नोंदवलेला बोजा उतरवणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून संस्थेच्या चुकीने विलंब झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिकेवरील बोजाची नोंद कमी झाली आहे का, हे कर्जदाराने तपासून घेणे आवश्यक असते. ही नोंद राहिल्यास पुढे विक्री, वाटणी किंवा नवे कर्ज यांत अडथळा येतो.

== इतर देशांशी तुलना ==

अमेरिकेत २००८ च्या वित्तीय संकटानंतर २००९ ते २०१६ या काळात घरमालकांचे हप्ते कमी करण्यासाठी केंद्रीय पातळीवर विशेष कार्यक्रम राबवण्यात आला. ब्रिटनमध्ये ठरावीक शासकीय भत्ते घेणाऱ्या घरमालकांना गृहकर्जाच्या व्याजासाठी साहाय्य मिळते. एप्रिल २०१८ पासून ते कर्जाच्या स्वरूपात दिले जाते. भारतात घरखरेदीसाठी अनुदान आहे. अडचणीतील घरमालकाचा हप्ता भरणारी अशी कायमस्वरूपी योजना नाही. अनुदान घेऊन झालेले घर आजारपण, बेरोजगारी किंवा पुरामुळे धोक्यात आल्यास कुटुंबाला पुनर्रचना, विमा, तडजोड आणि कायद्यातील मुदती यांवरच अवलंबून राहावे लागते.

== हे सुद्धा पहा ==

* प्रधानमंत्री आवास योजना
* दख्खनचे दंगे
* महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण
* महाराष्ट्रातील सहकारी चळवळ
* सांगली जिल्हा